टर्बो बदलण्याआधी एक्झॉस्ट बघा, आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका



मागच्या जानेवारीत आपल्या सोसायटीच्या पिकअपमध्ये जे झालं ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. कुणी म्हणतं पोरांनी शिळं खाल्लं, कुणी म्हणतं थंडी बाधली. खरं काय झालं ते नीट लिहून ठेवतो. कारण हीच गोष्ट उद्या तुमच्या गाडीत किंवा बोटीच्या केबिनमध्ये होऊ शकते.

आपल्या वाघोडियाला समुद्र नाही. तळ्यातला मासा आपण सकाळी बडोद्याच्या बाजाराला नेतो, आणि समुद्रातला मासा आणायचा तर गाडी वेरावळकडे जाते. रात्रभराचा रस्ता. परत येताना ड्रायव्हर आणि सोबतचा पोरगा पहाटे हायवेला गाडी बाजूला लावून दोन तास झोपले. थंडी होती म्हणून काचा बंद, इंजिन चालू, हीटर चालू. उठले तेव्हा दोघांचंही डोकं फुटायला आलेलं. पोरगा उलट्या करत होता, उभा राहिला तर पाय लटपटत होते. नशिबाने ड्रायव्हरला जाग आली आणि त्याने दार उघडलं. मोकळ्या हवेत तासाभराने बरं वाटलं, म्हणून दवाखान्यात गेले नाहीत. ही पण चूकच, त्याबद्दल पुढे सांगतो.

त्याच्या आधी महिनाभर गाडी तक्रार करत होती. चढावर ओढत नव्हती, काळा धूर मारत होती. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी साडेदहावर आली होती. एका गॅरेजमध्ये एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले आणि शेवटी निदान झालं की "टर्बो गेला, नवीन टाका". खर्चाचा आकडा ऐकून आम्ही थांबलो. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने टॉर्च मारून अर्ध्या तासात खरा दोष दाखवला. टर्बो ठणठणीत होता. मॅनिफोल्डचा सगळ्यात मागचा स्टड तुटला होता, पॅकिंग जळलं होतं आणि तिथून एक्झॉस्टचा गॅस बाहेर येत होता. गाडी का ओढत नव्हती आणि पोरं का आजारी पडली, या दोन्हींचं उत्तर त्या एका फटीत होतं.

टर्बोच्या आधी आणि टर्बोच्या नंतर

इंजिनात डिझेल जळलं की जो गरम गॅस निघतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरची तोंडं एकत्र करणारा बिडाचा जाड पाईप. तिथून गॅस टर्बोत जातो, टर्बोचं एक चाक फिरवतो, आणि मग पुढे सायलेन्सरमधून बाहेर पडतो. टर्बोच्या त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला आणखी एक चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. लहान इंजिनाच्या टर्बोचं चाक मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतं, आणि ते फिरवायला वेगळं डिझेल लागत नाही, वाया जाणारा गॅसच ते काम करतो.

म्हणजे बघा, लीक कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

लीक टर्बोच्या आधी असेल, म्हणजे मॅनिफोल्डच्या पॅकिंगला, स्टडला किंवा टर्बो बसवलेल्या फ्लँजला, तर चाक फिरवणारा गॅसच वाटेत पळून जातो. टर्बो कमी फिरतो, हवा कमी जाते, पण ड्रायव्हर पाय दाबतच राहतो. डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. ताकद कमी, ॲव्हरेज कमी, इंजिन जास्त गरम. टर्बो खराब झाल्यावर हेच सगळं दिसतं, म्हणून मिस्त्री लोकांची गफलत होते.

लीक टर्बोच्या नंतर असेल, म्हणजे पुढचा पाईप, बेलो किंवा सायलेन्सर यांत, तर ताकदीत फारसा फरक पडत नाही. फक्त आवाज वाढतो. म्हणून लोक "चालतंय" म्हणून सोडून देतात. पण गॅस तर बाहेर येतोच, आणि तो गाडीच्या किंवा बोटीच्या खालून वर माणसांकडे येतो.

ओळखायचं कसं

1. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिक-टिक किंवा फट-फट असा आवाज येतो, आणि गरम झाल्यावर कमी होतो. लोखंड तापून फुगतं आणि फट थोडी बंद होते, म्हणून हा फरक. गॅरेजला पोचेपर्यंत आवाज गेलेला असतो. त्यामुळे गाडी आदल्या रात्री गॅरेजला ठेवा आणि सकाळी थंड असतानाच चालू करायला सांगा.

2. रेस केल्यावर किंवा चढावर आवाज वाढतो.

3. जोडाजवळ कोरडी काळी काजळी बसलेली दिसते. ही सगळ्यात खात्रीची खूण. इथे एक फरक लक्षात ठेवा. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा रबरी पाईप फुटला तरी ताकद जाते आणि काळा धूर येतो. पण तिथे शिट्टीसारखा किंवा फुस्स असा आवाज येतो आणि पाईपवर बहुतेक वेळा तेलकट डाग असतो. कोरडी काजळी म्हणजे एक्झॉस्ट, तेलकट ओल म्हणजे हवेचा पाईप.

4. केबिनमध्ये धुराचा वास येतो, डोळे चुरचुरतात, लांबच्या फेरीनंतर डोकं दुखतं आणि बाहेर उतरलं की बरं वाटतं.

5. बीएस-6 गाडी असेल (1 एप्रिल 2020 पासूनच्या नवीन गाड्या) तर डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागू शकतो. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर आणि काजळीचा फिल्टर असतो, लीकमुळे सेन्सर चुकीचं वाचतो. दिवा लागला म्हणून सेन्सर बदलायची घाई करू नका, आणि फिल्टर काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

लीक शोधायच्या सोप्या रीती

पहिली रीत कानाची. साधारण मीटरभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाला लावा, दुसरं टोक प्रत्येक जोडाजवळून फिरवा. जिथे लीक आहे तिथे आवाज एकदम कानात फुटतो. नळी गरम लोखंडाला टेकवायची नाही, आणि पंख्या-पट्ट्यापासून शर्टाची बाही, गमछा, गळ्यातली माळ लांब ठेवायची.

दुसरी रीत साबणाच्या पाण्याची. इंजिन बंद आणि पूर्ण थंड पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडाला धूळ उडवायचा ब्लोअर कापड गुंडाळून लावा आणि हवा भरा. मग स्प्रेच्या बाटलीने सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. फुगे आले तिथे लीक. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा मारू नका, ब्लोअरची हवा पुरते. गरम मॅनिफोल्डवर पाणी तर अजिबात नको, बीड तडकतं.

शोधायची सुरुवात इंजिनापासून करा आणि मागे मागे जा: मॅनिफोल्ड आणि हेडचा जोड, मॅनिफोल्ड आणि टर्बोचा जोड, टर्बोच्या पुढचा क्लॅम्प, बेलो, सायलेन्सर आणि शेवटचा पाईप. एक लीक सापडला म्हणून थांबू नका, बऱ्याचदा दोन असतात.

लीक होतो कशामुळे

हे कळलं नाही तर दुरुस्ती टिकत नाही. भार असताना मॅनिफोल्डमधला गॅस सहाशे-सातशे अंशांपर्यंत जातो. इंजिन बंद केलं की सगळं थंड. रोज तापणं, फुगणं, आखडणं. लांब मॅनिफोल्डची टोकं सगळ्यात जास्त सरकतात, म्हणून कडेचे स्टड आधी तुटतात. पहिला आणि शेवटचा स्टड नेहमी बघा.

दुसरं कारण वजन आणि हादरे. सायलेन्सरचा पाईप पट्ट्यांनी आणि रबरांनी चेसिसला टांगलेला असतो. एक पट्टी तुटली की पाईपाचं वजन टर्बोवर लटकतं, आणि टर्बोकडून मॅनिफोल्डच्या स्टडवर येतं. आमच्या पिकअपला नेमकं हेच झालं होतं. खालची एक पट्टी खड्ड्यात तुटली होती, ती आम्ही तारेने बांधली होती आणि विसरलो होतो. त्या तारेने स्टड खाल्ला. इंजिनाचे माउंटिंग रबर बसले असले तरी तसंच होतं, इंजिन जास्त हलतं आणि बेलो फाटतो.

तिसरं कारण गंज. मासे वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारट पाणी खाली गळतं आणि थेट पाईपावर पडतं. पेटीच्या पाण्याची नळी पाईपापासून लांब काढा. बोटीचं तर बोलायलाच नको, तिथे हवाच खारी.

दुरुस्ती कशी करून घ्यायची

आपण मिस्त्री नाही, पण काम बरोबर चाललंय का हे मालकाला कळलं पाहिजे.

स्टड आणि नट: काम थंड इंजिनावर. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. नट जोर लावून फिरवला तर स्टड हेडमध्ये तुटतो आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. फिरत नसेल तर गरम करून, थोडा पुढे थोडा मागे करत काढायचा. पण गरम करायच्या आधी आजूबाजूचे डिझेलचे पाईप आणि तेल पुसलेलं पाहिजे. तुटलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो काढता येतो. नाही निघाला तर बरोबर मध्यावर ड्रिल करून काढतात. हे काम सवयीच्या हातालाच द्या. नवीन स्टड उष्णता सोसणारा, कंपनीने सांगितलेल्या मापाचा पाहिजे. बाजारातला साधा बोल्ट चार महिने टिकत नाही.

पॅकिंग: नेहमी नवीन. जुनं पुसून परत लावायचं नाही. दोन्ही तोंडं साफ करायची, पण घासताना जुन्या पॅकिंगचे तुकडे आत पडू द्यायचे नाहीत. इंजिन चालू होताच तो तुकडा टर्बोच्या चाकावर जाऊन आदळतो. उघड्या तोंडात चिंधी कोंबली असेल तर चिंध्या मोजून ठेवा आणि मोजून काढा. लाल-काळं सिलिकॉन मॅनिफोल्डला लावणारा मिस्त्री दिसला तर थांबवा. ते एवढी उष्णता सोसत नाही. एम-सीलचं पण तसंच.

मॅनिफोल्ड: काढलाच आहे तर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने बघायला सांगा. वाकलेला असेल तर नवीन पॅकिंग पण जळणार. वाकलेला मॅनिफोल्ड मशीनवर घासून सरळ करता येतो, मकरपुरा किंवा वाघोडिया जीआयडीसीत हे काम होतं. बिडाला तडा गेला असेल तर साध्या रॉडने वेल्डिंग करू नका, शेजारी नवीन तडा जातो. बीड आधी तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, सावकाश थंड करावं लागतं. एवढं करणारा कुणी नसेल तर दुसरा मॅनिफोल्ड बसवलेला बरा.

आवळणं: मधल्या नटापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. माप इंजिनाच्या पुस्तकात असतं. एकाच दमात एक टोक पूर्ण आवळलं तर मॅनिफोल्ड तिरका बसतो. आठवड्याभराने थंड इंजिनावर नट परत तपासायचे.

बेलो आणि क्लॅम्प: फाटलेल्या बेलोवर वेल्डिंगचे ठिगळ टिकत नाहीत, तो बदलायचाच. बदलताना इंजिन माउंटिंग आणि टांगायच्या पट्ट्या बघायच्या, नाहीतर नवीन पण फाटेल.

टर्बो काढला असेल तर: परत बसवल्यावर तेलाच्या वाटेत आधी तेल भरायचं आणि इंजिन दोन-तीन मिनिटं रेस न करता चालवायचं. आणि नेहमीसाठी पण हे ठेवा: भारात पळवलेली गाडी किंवा बोट लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं स्लोमध्ये ठेवा.

बोटवाल्यांसाठी

ज्या सभासदांच्या किंवा पाहुण्यांच्या बोटी पालघर, रायगड, रत्नागिरीला समुद्रात जातात, त्यांनी हा भाग नीट वाचा. बोट म्हणजे इंजिनावर बांधलेलं घर. खाली इंजिन, वर केबिन, तिथेच जेवण आणि तिथेच खलाशी झोपतात. धुराचा पाईप पण बऱ्याच बोटींत केबिनला लागूनच वर जातो. गाडीतून खाली उतरता येतं, समुद्रात कुठे उतरणार?

बोटीत दोन धोके जास्त. पहिला आगीचा. डिझेल साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकतं, आणि भारात चाललेला मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापलेला असतो. वर डिझेलची नळी गळत असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणूनच मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमात 220 अंशांच्या वर तापणाऱ्या आणि जिथे डिझेल उडू शकतं अशा भागावर आवरण सक्तीचं आहे. आपल्या बोटीला पण तीच शिस्त हवी.

दुसरा धोका त्या आवरणाच्या आडचा. पाईपावर दोरी किंवा पट्टी गुंडाळली की आतला गंज आणि लीक दिसत नाही. म्हणून 1 जूनपासूनच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढली की आवरण एकदा पूर्ण सोडा, पाईप हातोडीने हलकेच ठोकून बघा. भद्द आवाज आला तिथे पत्रा आतून खाल्लेला आहे. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी असेल तर कोरडी ओढून तिची धूळ करू नका, ती फुफ्फुसाला घातक आहे. ओली करून, तोंडाला चांगला मास्क लावून, माहीतगार माणसाकडून काढा आणि त्या जागी फायबर ग्लासची किंवा सिरॅमिकची पट्टी वापरा.

झोपेतला गॅस

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून झोपली होती. कोळिकोडच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष चाचणी घेतली, तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गॅस आत येत असल्याचं निघालं.

या गॅसला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ताकदीने तो रक्ताला चिकटतो, मग रक्तात ऑक्सिजनला जागा राहत नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरं. पण लीकमुळे इंजिनाला हवा कमी मिळाली की तो वाढतो, आणि बंद केबिनमध्ये साठत जातो. शिवाय डिझेलचा धूर रोज छातीत जाणं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंगात त्राण नसणं, गुंगी. एकाच केबिनमधल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं झालं तर शिळं खाल्लं म्हणून सोडू नका.

काय करायचं: आधी दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, इंजिन बंद करा, 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला सांगा की इंजिनाचा धूर होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, गॅस रक्तात असताना पण आकडा चांगला दाखवतं. आमच्या पोरांना आम्ही तेव्हाच न्यायला पाहिजे होतं.

केबिनसाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, झोपायच्या जागेजवळ लावायचा. घरच्या गॅस सिलिंडरचा अलार्म वेगळा, तो इथे चालत नाही. आणि अलार्म असला तरी इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपायचं नाहीच.

शेवटी आपल्या गाडीचं काय झालं

दोन स्टड, एक पॅकिंग, सायलेन्सरची एक पट्टी आणि मजुरी. टर्बोच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता. गाडी परत तेराच्या जवळ आली, काळा धूर गेला. पोरगा ठीक आहे, पण रात्रीच्या फेरीला त्याची आई अजून त्याला पाठवत नाही. तिला चूक कोण म्हणेल?

सोसायटीच्या गाडीसाठी आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. महिन्यातून एकदा सकाळी थंड इंजिनावर एक्झॉस्ट बघायचा आणि वहीत लिहायचं. तारेने बांधलेलं काही असेल तर आठवड्याच्या आत पक्कं करायचं. आणि थंडी असो की उकाडा, झोपायचं असेल तर इंजिन बंद. गाडीत दोन जाड घोंगड्या ठेवल्या आहेत.

घरच्या बायकांना खास सांगणं: फेरीवरून आलेला माणूस दर वेळी डोकं धरून बसत असेल, तर त्याला गोळी देऊन गप्प बसू नका. गाडीचा नाहीतर बोटीचा एक्झॉस्ट बघून घे म्हणावं.

ज्यांच्या घरातलं माणूस गाडीवर किंवा बोटीवर आहे त्यांना हे वाचून दाखवा.

आपला,
सेक्रेटरी